डभोईला गेलेला क्वाबेना

विश्वंभर दिघे यांचा आवाज सगळ्या बडोद्याने ऐकला होता, चेहरा मात्र कुणी ओळखत नव्हते. रेल्वे स्टेशनवर ते उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार आणि आज किती उशिरा येणार, हे गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत सांगण्यात त्यांची नोकरी गेली. पुढे त्या कामाला यंत्र आले. "माझ्या आधी माझा गळा रिटायर झाला," असे ते सांगत. कुणी विचारले नाही तरी सांगत.

पोटात काही न राहणे हा त्या नोकरीचा परिणाम की मुळातलाच दोष, हे त्यांना स्वतःलाही ठरवता आले नव्हते. त्यांची भाची नीरा हिला बघून गेलेल्या मंडळींचा होकार यायच्या आधीच त्यांनी पेढे वाटले होते. शेजारच्या गुणवंतभाईंचे हृदयाचे ऑपरेशन ठरले, तेव्हा ते त्यांच्या म्हाताऱ्या आईला कळू द्यायचे नव्हते. विश्वंभररावांनी त्या माउलीलाच देवळाच्या वाटेवर गाठून धीर दिला. "मी बातमी फोडत नाही हो," ते म्हणत, "ती माझ्या तोंडाशी आली की आपोआप फुटते." त्यांच्या पत्नी अहल्याबाई यावर वाद घालत नसत. घरातली महत्त्वाची गोष्ट त्या नवऱ्याला ती घडून गेल्यावर सांगत, एवढेच.

घर पाणीगेटच्या बाहेर, वाघोडिया रोडवरच्या एका जुन्या सोसायटीत. वरच्या खोलीत क्वाबेना राहत असे. तो आफ्रिकेतला, घाना देशातल्या कुमासी शहराचा. बडोद्याला केमिस्ट्री शिकायला आला आणि पुढे नंदेसरीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत लागला. आसपासच्या घरांतून त्याला आधी "मांस-मच्छी चालणार नाही" असे सांगून परत पाठवले होते. दिघ्यांच्या स्वयंपाकघरातून तळलेल्या बांगड्याचा वास आला आणि त्याने बेल दाबली. तो मंगळवारी जन्मला म्हणून क्वाबेना, त्यांच्याकडे वारावरून नाव ठेवतात, हे ऐकून अहल्याबाईंना फार समाधान वाटले. "म्हणजे अर्धी पत्रिका नावातच आली," त्या म्हणाल्या.

रविवारी गच्चीवर त्याचे मित्र जमत. गांबियाचा लामिन, नायजेरियाचे दोघे भाऊ, लायबेरियाची एक नर्सिंग शिकणारी मुलगी. मोठ्या पातेल्यात लाल भात शिजे, त्याचा ठसका खालपर्यंत येई. या सगळ्यांनीच कॅनडाला कायम राहण्यासाठी अर्ज केले होते, आणि हे त्यांतला कुणीच कुणाला सांगत नव्हता. दर थोड्या वेळाने एकेक जण भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघे.

"काय बघतोस?" विश्वंभरराव विचारत.

"क्रिकेट, काका," लामिन म्हणे. त्याला क्रिकेटमधले षटक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते.

विश्वंभररावांना निदान एकाचे कळण्याचे कारण असे, की भाद्रपदात एका संध्याकाळी क्वाबेना खाली आला आणि दार लावून घेऊन बसला. त्याची बोली कॉलेजातली गुजराती, टीव्हीवरची हिंदी आणि काकूंची मराठी मिळून झालेली होती.

"काका, भाडेकराराची झेरॉक्स पाहिजे. लाइट बिलची पण."

"कशाला?"

क्वाबेनाने अहल्याबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. ती मान 'सांग, पण माझी हमी नाही' अशा अर्थाने हलली, हे विश्वंभररावांच्या लक्षात आले.

मग त्याने सांगितले. तीन वर्षे अर्ज अडकला होता. आता कॅनडाने शेवटचे कागद मागितले होते. इथे राहिला म्हणून इथल्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता, तोही दसऱ्याच्या आत. मुदत चुकली तर फाइल बंद. नवा अर्ज करावा तर वय वाढलेले, आणि वाढत्या वयाचे गुण तिकडे कापतात.

"आणि काका, कुणाला सांगायचं नाही."

"अरे, ही तर आनंदाची गोष्ट!"

"पोचल्यावर आनंद. आधी नाही." कुमासीत त्याच्या गल्लीतल्या एकाचे लंडनला जायचे ठरले होते. बकरा कापला, वाजंत्री आणली, पाद्री बोलावला. व्हिसा आला नाही. रोज सकाळी लोक विचारीत, 'अजून इथेच?' शेवटी तो गाव सोडून उत्तरेकडे निघून गेला. "आमच्यात विमान उतरल्यावर फोन करतात. तोपर्यंत कुणी विचारलं तर माणूस बाजारात गेलेला असतो."

"आईला तरी सांगितलंस?"

"तिला माहीत आहे. पण तिला माहीत आहे हे तिनं मला सांगितलेलं नाही."

विश्वंभररावांनी छातीवर हात ठेवला. त्यांच्यावर कुणी गुपित सोपवण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या दिवसापासून ते वजनदार दागिना घातल्यासारखे जपून चालू लागले. गुणवंतभाईंनी ओट्यावरून "केम छो?" म्हटले तरी त्यांना त्यात चौकशीचा वास येई. सकाळी दूध आणायला जाताना ते तोंडात लवंग धरत. लवंग चावायच्या निमित्ताने तोंड बंद राहते, हा त्यांचा शोध.

एक दिवस सकाळी ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. एक गृहस्थ स्कूटर लावून फाटकाशी आला. साधा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात काही कागद. बडोद्यात परदेशी पाठवणाऱ्या एजंटांच्या पाट्या पानपट्टीपेक्षा जास्त झाल्या होत्या, आणि त्यांची माणसे गिऱ्हाईक शोधत दारोदार फिरत. हा त्यांतलाच, हे विश्वंभररावांनी तत्काळ ओळखले.

"अहीं कोई कॅनडा जवानुं छे?" इथून कुणी कॅनडाला जाणार आहे का, असे गृहस्थाने विचारले.

विश्वंभररावांच्या घशापाशी बातमी आली. त्यांनी ती गिळली.

"कॅनडा? अमारे त्यां? ना रे ना!"

"पेलो आफ्रिकन भाई उपर रहे छे ने?"

राहतो म्हणावे तर पुढचा प्रश्न आलाच. "रहेतो हतो," विश्वंभरराव म्हणाले. मग आयुष्यात पहिल्यांदाच खोटे इतके सुबक जमते आहे असे पाहून त्यांना चेव आला, आणि बडोद्याजवळचे एक गाव तोंडात आले. "डभोई गयो. कायम माटे. त्यां कपासनो धंधो करे छे."

गृहस्थाने त्यांचे नाव विचारले, कागदावर काहीतरी लिहिले आणि तो गेला.

त्या दिवशी विश्वंभरराव दोन पोळ्या जास्त जेवले.

"आज मी एक गोष्ट कुणाला तरी सांगितली नाही," ते म्हणाले.

"कुठली?" अहल्याबाईंनी विचारले.

"वा! ती कशी सांगू?"

नवरात्र तोंडावर आले. सोसायटीच्या मैदानात मंडपाचे बांबू पडले. एका संध्याकाळी क्वाबेना कंपनीच्या बसमधून उतरला तो थेट दिघ्यांच्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसला. बूटही काढले नाहीत. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "दाखला नाकारला. लिहिलंय, अर्जदार पत्त्यावर राहत नाही. घरमालक म्हणतात, कायमचा डभोईला गेला." त्याने मान वर केली. "काका, डभोईला माझं कोण आहे?"

आतून फोडणीचा आवाज येत होता, तो थांबला. अहल्याबाई हातात उलथने घेऊन दारात आल्या.

"तो पोलीस होता?" विश्वंभरराव म्हणाले.

"मला वाटलं, मलाच ठाण्यावर बोलावतील. माणूस घरी येणार हे मला..." तो थांबला. "मी पण तुम्हाला सगळं नाही सांगितलं."

"कापसाचा धंदा करतो असंही सांगितलं मी," विश्वंभरराव पुटपुटले.

क्वाबेना हसला नाही. बूट काढून हातात घेतले आणि जिना चढून गेला. अहल्याबाईंनी वर पाठवलेले ताट तसेच परत आले. हे त्या घरात कधी झाले नव्हते.

"जन्मभर नको तिथे बोललात," अहल्याबाई म्हणाल्या, "आणि एकदाच गप्प बसलात, तेही पोलिसापुढे."

आपण गाडी आली असताना ती रद्द झाल्याचे सांगितले, आणि फलाटावर एकच प्रवासी होता, असे विश्वंभररावांना वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातले कामकाज सुरू व्हायच्या आधी ते बाहेर उभे होते. टेबलामागे तोच गृहस्थ, आता खाकीत. छातीवरच्या पट्टीवर नाव होते, हिंमतराव मोरे.

"तुम्ही मराठी?" विश्वंभररावांच्या तोंडून निघाले.

"मग? तुम्हीही नाव दिघे सांगितलंत तेव्हा मला कळायला हवं होतं," हिंमतराव म्हणाले. "पण तुमचं गुजराती इतकं सफाईदार, मी म्हटलं असतील इकडचे कुणी."

"मराठीत विचारलं असतंत तर..."

"तर खरं बोलला असतात?"

"मराठीत मला खोटं जमत नाही," विश्वंभरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

हिंमतरावांनी पेन खाली ठेवले. "दिघेकाका, मुलगा राहत नाही असं तुम्हीच म्हणालात. आता राहतो म्हणता. मी कुठलं खरं धरू? आणि पोलिसाला खोटं का सांगितलंत, ते आधी सांगा."

खोली माणसांनी भरलेली होती. बाकावर पासपोर्टच्या कामासाठी आलेल्या लताबेन बसल्या होत्या. लताबेन म्हणजे गुणवंतभाईंच्या पत्नी. सोसायटीत बातम्यांच्या बाबतीत विश्वंभररावांना कुणी मागे टाकू शकेल तर त्याच. कारण सांगायचे तर गुपित फुटणार, न सांगावे तर दाखला जाणार. विश्वंभररावांनी शक्य तितक्या हळू बोलायचे ठरवले. पण माइकपुढे घडलेला तो गळा. कॅनडा, मुदत, कुमासीतला बकरा, एजंट, डभोई आणि कापूस, सगळे त्या खोलीत शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू गेले. मागे कुणीतरी हसले. हिंमतराव हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "मुलगा घरी पाहिजे. आणि शेजारचे दोन पंच, तो तिथेच राहतो असं लिहून देणारे. तुमच्या एकट्याच्या शब्दावर आता काही होणार नाही."

बाहेर विश्वंभररावांनी लताबेनना हात जोडले. "बेन, कोईने कहेता नहीं."

"आ तमे मने कहो छो?" लताबेन म्हणाल्या. तुम्ही हे मला सांगता?

घरी येऊन त्यांनी क्वाबेनाला सगळे सांगितले. तो जिन्याच्या कठड्याला टेकला. मग म्हणाला, "म्हणजे पंच पाहिजेत. म्हणजे सगळ्यांना कळणार."

"माझ्यामुळे," विश्वंभरराव म्हणाले.

"मग एकच राहिलं. सगळ्यांनी मिळून माहीत नाही असं करायचं. माझी आई करते तसं."

रविवारी गुणवंतभाई आणि लताबेन यांनी सह्या केल्या. हिंमतराव वर जाऊन खोली बघून आले, क्वाबेनाला दोन प्रश्न विचारले, अहल्याबाईंचा चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "डभोईहून लवकर आलात, भाई." क्वाबेना त्या आठवड्यात पहिल्यांदा मोठ्याने हसला. दाखला अष्टमीला हातात आला आणि त्याच दिवशी पुढे गेला.

त्यानंतर सोसायटीने माहीत नसण्याचे जे काम केले, ते विश्वंभररावांना जन्मभर जमले नसते. गुणवंतभाईंची आई, जिला मुलाचे ऑपरेशन देवळाच्या वाटेवर कळले होते तीच, भर ऑक्टोबर हिटमध्ये पंखा लावून जाड लोकरीचा स्वेटर विणत बसली. कुणासाठी, विचारले तर म्हणे, "कोईना माटे नहीं." पण तिने क्वाबेनाला उभे करून त्याची बाही मोजली. तो कुठे जात तर नाही ना, हे गुणवंतभाई रोज विचारत, "तमे तो क्यांय जता नथी ने?" आणि तो "ना, अंकल" म्हणाला की समाधानाने पुढे जात. फक्त विश्वंभरराव भिऊन होते. आपण बोललो तिथे मोडते आणि गप्प बसलो तिथेही मोडते, तेव्हा आता तिसरे काय करावे, या विचारात त्यांनी लवंगा चघळून जीभ बधिर करून घेतली.

दिवाळी झाली. मग थंडी पडू लागली. एका दुपारी जेवणे झाल्यावर क्वाबेना दोन मोठ्या बॅगा घेऊन जिना उतरला. वरून स्वेटर घातला होता, घामाने कपाळ निथळत होते. फाटकाशी रिक्षा उभी होती. तो अहल्याबाईंच्या पाया पडला, मग विश्वंभररावांच्या. हे तो इथे शिकला होता.

"काका, जरा डभोईला जाऊन येतो," तो म्हणाला.

विश्वंभररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. स्टेशनवर त्यांनी हजारो गाड्या सोडल्या होत्या, एकीतही ओळखीचे कुणी नव्हते. "सांभाळून जा," एवढेच ते म्हणाले. समोरच्या ओट्यावर गुणवंतभाई रिक्षाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत होते. कुंडीतून पाणी वाहून रस्त्यावर आले तरी घालत होते.

ती रात्र गेली आणि दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी अहल्याबाईंचा फोन वाजला. पडद्यावर क्वाबेना, मागे काचेपलीकडे पांढरे रान. "काकू, बाजारात पोचलो," तो म्हणाला. मग काकांना बोलवा म्हणाला, पण काका त्याआधीच चपला शोधत होते.

त्यांना आता सांगायची मुभा होती. ओट्यावर येऊन पाहतात तो गुणवंतभाई, लताबेन, गुणवंतभाईंची आई, झाडूवाली, दूधवाला, सगळे आपापल्या कामात असल्याचे दाखवत त्यांच्याच तोंडाकडे बघत उभे. इतका मन लावून ऐकणारा श्रोता विश्वंभररावांना स्टेशनवर कधी लाभला नव्हता. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आवाज फुटेना.

मागून अहल्याबाई आल्या, त्यांच्याकडे एकदा बघितले आणि पदराने हात पुसत म्हणाल्या, "पोचला हो."

गुणवंतभाईंनी भुवया वर केल्या.

"कोण?" त्यांनी विचारले.