अकरा महिन्यांची जाळी

२०२३ सालचा ऑक्टोबर होता. पाऊस गेलेला, थंडी यायची होती, डबकी मात्र जागच्या जागी. आमच्या धंद्याचा हाच सीझन. नगरला सावेडीत माझं दुकान आहे. खिडक्या-दारांना डासांच्या जाळ्या बसवतो, फाटलेल्या बदलून देतो. बहुतेक गिऱ्हाईक भाड्याच्या घरातलं. भाडेकरू बदलला की जाळी बदलते, आणि काढलेल्या प्रत्येक जाळीमागे काहीतरी घडलेलं असतं. किस्से मी गोळा करत नाही. जुन्या चौकटींसारखे ते दुकानाच्या कोपऱ्यात साचत जातात, आणि फेकवत नाहीत. खालचे सगळे एकाच गिऱ्हाइकाचे आहेत.

त्या महिन्यात सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, डेंग्यू झाला. गावभर जाळ्या बसवणाऱ्याच्या घरात डेंग्यू. आमच्या स्वतःच्या खिडकीला जाळी नव्हती. त्यावर गल्ली काय बोलली ते इथे लिहीत नाही.

मागच्या गल्लीत एक नर्स भाड्याने राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणतात, मीही म्हणतो. दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती सलग नऊ संध्याकाळी आमच्याकडे आली. सलाईन लावायची, ताप लिहून ठेवायची, सुमनला दटावून पेज प्यायला लावायची. दहाव्या दिवशी सुमन उठून बसली. मी पैसे पुढे केले.

"मामा, असलं काही करू नका," सिस्टर म्हणाली. "माझ्या खिडकीची जाळी फाटलीय, ती बघा सवडीनं."

कुणाचे उपकार अंगावर ठेवायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिच्या दारात होतो.

*

तीन खिडक्या आणि एक दार. सगळं नवीन घातलं. मनात म्हटलं, फिटलं. हात धुऊन निघालो तर तिने अडवलं.

"मामा, बसा जरा. चेहरा लाल दिसतोय."

दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं. आकडा मला सांगितला नाही. रिक्षा बोलावली आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेली. तेव्हापासून मी रोज सकाळी एक गोळी घेतो.

घरी आलो. सुमनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही आता तिच्याकडे जाऊ नका. जाल तितकं वाढतंय."

*

भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिने भरले की मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरतं आणि त्याला खोली लागते. सिस्टरला घर बदलावं लागलं. माझ्या जाळ्या नव्या खिडक्यांना बसेनात. मी म्हटलं, पुन्हा करून देतो. फेडायची संधी आपण होऊन चालून आली होती.

गवंड्यांचं मला कधी कळलं नाही. एका खोलीतल्या दोन खिडक्या बघायला सख्ख्या बहिणी वाटतात, मोजल्या की चुलत निघतात. म्हणून मी प्रत्येक खिडकी वेगळी मोजतो. कागदावर मात्र लिहीत नाही. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण कारण ते नाही. कागद हरवतो. मी लाकडाची पट्टी घेतो आणि तिच्यावर पेन्सिलीने खुणा करतो. एका घराला एक पट्टी. तीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही.

सिस्टरच्या घराची पट्टी मागच्या अंगणात ठेवली होती. सकाळी अंघोळ करून बाहेर आलो आणि पट्टी शोधू लागलो.

"कुठली पट्टी?" सुमनने विचारलं.

"लाकडाची. खुणा केलेली."

"तिच्यावरच तर तुमचं पाणी तापलं."

परत माप घ्यायला जायचं म्हणजे चूक कबूल करायची. मी सिस्टरच्या दारात जाऊन म्हणालो, दाराची बिजागरी बघायची राहिली होती. ती बाजूला झाली आणि आतून मोजायची टेप आणून माझ्या हातात दिली.

"घ्या. मामींचा फोन आला होता."

निघताना डबा दिला. हुलग्याचे शेंगोळे होते. चांगले झाले होते. म्हणजे आणखी एक चढलं.

*

सिस्टरच्या या नव्या घराचे मालक नाना. रिटायर झालेले क्लार्क. त्यांचे नियम असे: भिंतीला खिळा नाही, खिडकीच्या चौकटीला स्क्रू मोजून चार, आणि घराची कुठलीही वस्तू कापायची नाही. भाडेकरूने स्वतः बसवलेली जाळीसुद्धा घराचीच वस्तू, असं त्यांचं म्हणणं.

सिस्टरची आई पुणतांब्याला एकटी राहायची. गुडघ्याने बसली, तेव्हा सिस्टर तिला इथे घेऊन आली. मी तिला आक्का म्हणतो. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी.

गावाकडे आक्का चहा प्यायली की कपातला गाळ खिडकीतून बाहेर फेकायची. इथे पहिल्याच सकाळी तसंच केलं. जाळीने तो गाळ तिच्याच लुगड्यावर परत केला. आक्काने कात्री घेतली आणि जाळीला हात जाईल एवढं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशीचा गाळ नीट बाहेर गेला. बाहेर नानांची स्कूटर होती. नाना स्कूटरवर होते.

नानांनी मला बोलावून घेतलं. "मिस्त्री, जाळी पुन्हा कापलेली दिसली तर अकरा महिने भरले की खोली खाली. सिस्टरला मी तसं लिहून दिलंय."

मी नवी जाळी घालत होतो तेव्हा सिस्टर जवळ येऊन उभी राहिली. "मामा, मी एकटी असते तर कुठंही खोली मिळाली असती. म्हातारं माणूस बरोबर आहे म्हटलं की खोली आदल्या दिवशीच गेलेली असते. आईला घेऊन मी आता कुठं फिरू?"

करार संपायला दोन महिने होते.

*

या खेपेला स्टीलची जाळी घातली. आक्काकडे बघून म्हणालो, "आता कापून दाखवा."

तिने कापली नाही. पाचव्या दिवशी सिस्टरचा फोन आला. जाऊन बघतो तर जाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. चौकटीच्या खाचेत रबराची दोरी दाबली की जाळी पक्की बसते. आक्काने त्या दोरीचं टोक शोधून सगळी ओढून काढली होती. आता ती दोरी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली होती आणि तिच्यावर लुगडं वाळत होतं.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"तू बसवत हुतास तवा बघितलं की. लई सोपं हाय तुजं काम."

माझ्या कामाला सोपं म्हणणारं माणूस त्याआधी भेटलं नव्हतं. दोरी काढून जाळी पुन्हा बसवली. नानांना कळू दिलं नाही.

*

करार संपायला आठ दिवस राहिले. नाना रविवारी खोली बघायला येणार होते. शनिवारी सिस्टरला दिवसाची ड्यूटी होती.

"मामा, आईजवळ बसाल का? तेवढा दिवस तिनं जाळीला हात लावायला नको."

मी गेलो. आक्का खिडकीशी खुर्चीवर, मी समोर स्टुलावर. तासभर मी जाळीवर नजर ठेवली. शेवटी मीच विचारलं.

"आक्का, पहिल्यांदा गाळ फेकायला कापली, ते कळलं. आता तर गाळ मोरीत टाकता. मग जाळी काढता कशाला?"

"हितनं मला समदं दिसतंय. भाजीवाली दिसती, शाळंतली पोरं दिसत्यात. पर मी कुनाला दिसत न्हाई. कुनी हाक मारत न्हाई."

"दिसत असाल की."

"बाहीर जाऊन बघ."

मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. ऊन होतं. खिडकीत काळी जाळी, आणि तिच्या मागे काही नाही.

"दिसती का?" आक्काचा आवाज आला.

जाळी बसवून झाली की मी आत उभा राहतो आणि बाहेरचं स्वच्छ दिसतं का ते बघतो. तीस वर्षं हेच केलं. बाहेर उभा राहून आत कधी बघितलं नव्हतं.

सुमनला बोलावून आक्काजवळ बसवलं आणि दुकानात गेलो. संध्याकाळपर्यंत अॅल्युमिनियमची नवी चौकट करून खिडकीला बसवली. खुर्चीवर बसल्यावर आक्काचं तोंड येतं त्या उंचीला वीतभर झडप ठेवली. आतून ढकलली की उघडते, सोडली की लोहचुंबकाने आपोआप बंद होते.

रविवारी नाना आले. प्रत्येक खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवलं. मग बाहेर येऊन झडपेसमोर थांबले.

"हे काय? मला न विचारता?"

"तुमच्या लाकडात चारच स्क्रू आहेत," मी म्हणालो. "बाकीचे माझ्या अॅल्युमिनियममध्ये. मोजा."

नानांनी खरोखर मोजले. मोजत होते तेवढ्यात झडप उघडली.

"कोन हाय? उन्हात कशाला उभा ऱ्हायलास बाबा. हिकडं सावलीला सरक."

नाना सरकले.

"पाय ओढत चालतुयास. गुडगा का?"

"डावा," नाना म्हणाले.

"माजा उजवा. चोळायला हाय का घरात कुनी?"

"मुलगी पुण्याला असते."

"फोन करती का?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. मग खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून बोलायला लागले. मी पायरीवर बसून होतो. सावली त्यांच्यावरून सरून गेली, तरी ते हलले नाहीत. भाजीवाली थांबली, झडपेतून आक्काशी बोलली, नानांना कोथिंबीर देऊन गेली.

जाताना नाना माझ्याजवळ आले. "कागद घेऊन उद्या येतो. सिस्टरला घरी थांबायला सांगा. अकरा महिने वाढवू."

सोमवारी संध्याकाळी सिस्टर दुकानात आली. हातात डबा नव्हता, प्रेशरचं मशीन नव्हतं. स्टुलावर बसली. सह्या झाल्या म्हणाली. मग बराच वेळ माझ्या हातातल्या कामाकडे बघत राहिली.

"मामा, फिटलं."

"बरं," मी म्हणालो.