चक्कर आणि फुगडी

पंखा बंद होता आणि तरीही फिरत होता. अमेरिकेहून, मुलीकडून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. डोंबिवलीतल्या माझ्या स्वतःच्या पलंगावर मी उजव्या कुशीला वळले आणि पंखा, कपाट, खिडकी सगळं एका बाजूला पळायला लागलं. गादीची कड घट्ट धरून पडून राहिले. थोड्या वेळाने थांबलं. म्हटलं, चला, गेलं. उठून बसले तर पुन्हा तेच.

"जेट लॅग," नवऱ्याने पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं. दुपारी त्याच्या मते ते पित्त झालं आणि संध्याकाळी बीपी. बीपीचं मशीन त्याने मोठ्या हौसेने घेतलंय, वापरायची संधी तो सोडत नाही. बीपी अगदी व्यवस्थित निघालं तेव्हा बिचारा हिरमुसला.

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आता भिंतीला हात लावल्याशिवाय चालता येईना. दांडीवर कपडे टाकायला मान वर केली की भिंती पळाल्या. खालच्या कप्प्यातला डबा काढायला वाकले की पुन्हा पळाल्या. भाजी आणायला निघाले तर रिक्षाने वळण घेतल्यावर अख्खा फडके रोड माझ्यासकट वळत राहिला. भाजी न घेताच घरी आले. "जरा शांत बस ना," नवरा म्हणायचा. शांत बसलं की माझा जीव आणखी वर-खाली व्हायचा. टीव्ही लावायचा, बंद करायचा, खिडकीशी जायचं, परत यायचं, आणि सगळं भिंत धरून. माझाच मला इतका राग यायचा की विचारू नका.

कारण श्रावण तोंडावर आला होता. आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. नव्या नवरीच्या घरचे बोलावतात, आम्ही नऊवारी नेसून जातो, गाणी, झिम्मा, पिंगा सगळं खेळतो आणि शेवटी मोठी फुगडी. ती शेवटची फुगडी माझी आणि माझ्या मैत्रिणीची. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होती, आता रिटायर झाली. अंगाने चांगली भरलेली, पण फिरायला लागली की बघत राहावं. फुगडीत पायाला पाय लावायचे, हातांची फुली करून एकमेकींचे हात धरायचे आणि मागे झुकून समोरचीवर आपलं वजन टाकायचं. तिने तेवढंच आपल्यावर टाकायचं. दोघींनी एकमेकींना पेललं की फुगडी जमते. एकीचा हात सुटला की दुसरी थेट जमिनीवर.

तिचं वजन पेलणारी ग्रुपमध्ये मी एकटीच आहे. दिसते काटकुळी, पण मनगटात जोर आहे, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे. मी गळाले म्हणजे तीही गळाली. पहिल्या मंगळवारचा कार्यक्रम कल्याणला ठरलेला, आणि तिला मी चक्करचं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तोवर बरी होईन, असं मी धरून चालले होते.

शेवटी ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी होती. तिने मला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि झटकन आडवं केलं. दवाखाना गरगर फिरला. ती आपली माझ्या डोळ्यांत टक लावून बघतेय.

"कानाच्या आत अगदी बारीक कण असतात. ते जागेवरून सरकलेत," ती म्हणाली.

"विमानामुळे?"

"नेमकं नाही सांगता येणार. प्रवास, सर्दी, मान एकाच बाजूला टाकून झोपणं, काहीही असेल. कधी कधी काहीच कारण नसतं. या वयात होतं असं."

या वयात! मग तिने माझं डोकं एकीकडून दुसरीकडे वळवलं, मला कुशीवर केलं, तशीच थांबवलं, आणि सावकाश उठवलं. कण परत जागेवर न्यायचे असतात म्हणे. बहुतेक बरं वाटेल, एखाद वेळी पुन्हा करावं लागेल, तोवर एकदम वाकू नका, मान झटकू नका, असं सगळं सांगून झालं.

"आणि फुगडी?" मी विचारलं.

"कोणाची?"

"माझी."

तिला वाटलं मी गंमत करतेय. ती मनापासून हसली. टेबलावरून उडी मारून तरातरा बाहेर निघून जावं असं मला फार वाटलं, पण उतरताना तिचाच हात धरावा लागला.

चक्कर कमी झाली, पूर्ण गेली नाही. तरी प्रॅक्टिसला गेले. पावसाने गच्ची निसरडी झालेली, म्हणून स्कूटर बाजूला सारून पार्किंगमध्येच खेळायचं ठरलं होतं. बाकीच्या अजून यायच्या होत्या. मैत्रीण आली, चपला काढल्या, पदर खोचला आणि हात पुढे केले. मी धरले. पायाला पाय लावून आम्ही सुरू केलं, आधी हळू, मग जरा वेगात. मला काही झालं नाही. आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या हातांना काहीतरी चुकल्यासारखं लागत होतं. ओढच नव्हती. ती ताठ उभी राहून नुसती पावलं टाकत होती, लहान पोरीबरोबर खेळतात तसं.

मी थांबले. "वजन का देत नाहीयेस?"

"देतेय की."

"मला शिकवू नकोस. इतकी वर्षं पेलतेय तुला."

तिने खाली बघितलं. "तुझ्या नवऱ्याने सांगितलं मला. आणि नसतं सांगितलं तरी दिसतं गं. भिंत धरून जिना उतरतेस."

माझा असा संताप झाला! नवऱ्यावर, तिच्यावर, सगळ्यांत जास्त त्या ताठ उभं राहण्यावर. "मग सरळ नाही म्हणायचंस. मला सांभाळून घेत होतीस?"

"मग काय करू? नाही म्हटलं असतं तर तू घरात बसून नवऱ्याला फाडून खाल्लं असतंस," ती म्हणाली. "आणि पडलो असतो तर? माझं काही नाही, मला अंग आहे. तुझं डोकं आपटलं असतं म्हणजे?"

तिचे हात अजून माझ्याच हातात होते. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते, इतके मी ते आवळून धरले होते. घाबरले होते मी. पंखा पहिल्यांदा फिरला तेव्हापासून घाबरलेलीच होते आणि चिडचिड करून ते झाकत होते.

"कल्याणला दुसरी जोडी उभी करू या," मी म्हटलं. "आपण दोघी गाणी म्हणू."

ती मान डोलावून हात सोडवायला लागली. मी सोडले नाहीत.

"आता वजन दे."

"वेडी आहेस का?"

"फिरायचं नाही. उभ्या उभ्याच दे. सगळं."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, पावलं माझ्या पावलांना नीट टेकवली आणि हळूहळू मागे झुकली. माझे खांदे ताणले गेले, पोटऱ्या थरथरायला लागल्या. ती थबकली. "अजून," मी म्हटलं. तेव्हा तिने डोळे मिटले आणि स्वतःला पूर्ण सोडून दिलं.