‘बरी आहे’ म्हणून परत दिलेल्या कादंबऱ्या

प्रेमाच्या कादंबऱ्यांतली एक गोष्ट मला कधीच पटली नाही. दोघांपैकी कुणीतरी एक वाक्य बोललं असतं तर पुढची शंभर पानं लिहायची गरजच पडली नसती. तो जायला निघालेला असतो, ती दाराशी उभी असते, शब्द तिच्या ओठांपर्यंत येतात आणि तिथंच थांबतात. तो निघून जातो. मग ती खिडकीशी बसून झुरते, त्याला वाटतं हिच्या मनात दुसराच कुणी आहे, आणि आपण चुलीवरची भाकरी करपेपर्यंत वाचत राहतो. मला राग यायचा. अगं बोल की, तोंड शिवलंय का तुझं, असं म्हणावंसं वाटायचं.

आणि मी स्वतः चार माणसांत मान वर करत नव्हते.

माझं माहेर बिदरकडच्या मंठाळचं. चौथीपर्यंत मराठी शाळा होती. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागे आणि तिथं सगळं कानडीत, म्हणून आप्पांनी घरी बसवलं. लग्न होऊन औरादला आले. सासरी भुसार मालाचं दुकान. घरात वाचण्यासारखं म्हणजे एक पंचांग. पुढं मुलं झाली, ती कानडी शाळेत गेली. घरात मराठी बोलायची, पण वाचायला दिलं की अडखळायची. त्यामुळे मराठी अक्षर वाचून त्यावर दोन शब्द बोलेल असं घरात कुणी नव्हतं. तशी काही उणीव आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

मग गावात बँक आली आणि बँकेच्या साहेबांनी आमच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. त्यांच्या बायकोचं माहेर पुण्याचं. तिच्या घरी पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेले तेव्हा भिंतीतल्या फळीवर उभ्या लावलेल्या कादंबऱ्या दिसल्या. मी तिकडंच बघत राहिले असेन. कारण तिनं विचारलं, “वाचता का वहिनी?” मी मान हलवली आणि तिनं एक काढून हातात दिली.

आमच्या सासूबाईंचा एक नियम होता. दुसऱ्याच्या घरची वस्तू आणली, मग ती चाळणी असो की खलबत्ता, दिवा लागायच्या आत परत गेली पाहिजे, आणि रिकामी जाता कामा नये. पुस्तकही त्यांच्या लेखी वस्तूच. सकाळची कामं उरकून मी पुस्तक घेऊन वर, घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर जायची. तिथं डाळ नाहीतर सांडगे वाळत असायचे, पाखरं हाकायला कुणीतरी लागायचंच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कादंबरी. दिवस कलला की पळतच वाचायची. तरी जाडी पुस्तकं संपायची नाहीत. मग आहे तिथं मिटायचं, वाटीभर डाळ किंवा चार वांगी सोबत घ्यायची आणि परत देऊन यायचं. एकदा दिलेलं पुस्तक पुन्हा मागायचा धीर होत नव्हता. कितीतरी नायिकांची लग्नं माझ्यापुरती तशीच राहून गेली.

ती दारात विचारायची, “कशी वाटली?”

“बरी आहे,” एवढंच माझ्या तोंडून निघायचं. मनात ढीगभर असायचं. या मुली तापानं फणफणल्यावर जास्त सुंदर कशा दिसतात? साडीच्या रंगाचं पानभर वर्णन, ती साडी धुतं कोण? नायकाला आई असते पण तिला कधी भूक लागत नाही, गुडघे दुखत नाहीत. आणि लग्न ठरलं की पुस्तक संपतं, जिथून खरं विचारायचं असतं तिथंच. हे सगळं माळवदाचा जिना उतरताना मी मनातल्या मनात तिच्याशी बोलत बोलतच यायची. तिच्या दारात पोचले की, बरी आहे.

एक दिवस अशीच गेले तर तिनं फळीकडं हात नेला नाही. म्हणाली, “राहू द्या वहिनी. मी देते म्हणून तुम्ही भिडेखातर नेता. सकाळी नेलेलं संध्याकाळी परत, तुम्हाला वाचायला वेळ तरी कुठून मिळणार? खरंच, मला वाईट वाटणार नाही.”

तिचा आवाज मऊच होता. पण चेहऱ्यावर जे होतं ते मला कळलं. तिलाही या गावात कुणी नव्हतं, आणि तिनं माझ्यावर आशा ठेवली होती. मी दाराशी उभी होते. वाचते हो मी, एवढं म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. मी म्हणाले, “व्हय,” आणि घरी आले.

त्यानंतर कादंबऱ्यांतल्या मुलींवर रागावणं मला जमेना. वाचायला काही नव्हतंच म्हणा. माळवदावर नुसती काठी घेऊन बसायची. खाली शेजारच्या अंगणात ती तुळशीपाशी खुर्ची टाकून वाचत बसलेली दिसायची. तिनं पान उलटलं की माझा जीव खालीवर व्हायचा. पुस्तक कुठलं असेल, ती कुठं पोचली असेल.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. “कामून तोंड पाडून बसलीस गं? बँकवालीशी भांडलीस का?”

“न्हाई आत्या.”

“मग जायनास कामून तिच्याकडं? बारीक चाळणी घेऊन ये जा तिची. पीठ चाळायचं हाय.”

गेले. ती आत पलंगावर बसून वाचत होती आणि डोळ्यांतून धार लागलेली. पुस्तकाचं कव्हर मी लांबूनच ओळखलं. एका डॉक्टरची कादंबरी होती, माझी अर्ध्यावर राहिलेली. चाळणी मागायला म्हणून तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“डॉक्टर मरतो का त्यातला?”

तिनं पुस्तकातून मान वर केली. “कोण डॉक्टर?”

“पुस्तकातला. त्याला खोकल्यातून रक्त पडलं तिथवर झालं होतं माझं. मग दिवा लागायची वेळ झाली. आमच्या आत्याबाई दुसऱ्याची वस्तू रात्री ठेवू देत न्हाईत.”

“म्हणजे तुम्ही वाचत होता?”

“सगळी. जेवढी व्हायची तेवढी.”

“अहो, मग बरी आहे, बरी आहे काय लावलं होतं?”

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, “तो मेला तर बरंच होईल.”

“वहिनी!”

“मग काय तर. दवाखाना न्हाई, पेशंट न्हाई, सदा तळ्याकाठी फिरायलाय. आमच्या इथला डॉक्टर बघा, बिचाऱ्याला पान थुंकायला सवड न्हाई. आणि ती पोरगी. त्याच्या आजाराचं तिला सगळ्यात शेवटी कळतं. आमच्या गल्लीत कुणी शिंकलं तर पार मुडबी गावापर्यंत कळतं.”

ती डोळे पुसत पुसत हसत होती. “मी इथं त्याच्यासाठी रडतेय आणि तुम्ही त्याला मारून टाकताय!” मला बसायला सांगितलं, चहा टाकला. मी बोलत होते. जिन्यात बोललेलं सगळं, एकामागून एक, माझंच मला आश्चर्य वाटत होतं. शेवटी भिंतीपलीकडून सासूबाईंची हाक आली, “चाळणी आणायला गेलीस का चाळणी विणायला?”

त्या दिवसापासून ती दुपारची आमच्या माळवदावर यायला लागली. पुस्तक तिचं आणि तीही सोबत, म्हणजे सासूबाईंना बोलायला जागा नव्हती. पाय मुडपून बसायची, चष्मा पदरानं पुसायची आणि म्हणायची, “हं, बोला.” कशी वाटली असं पुन्हा कधी विचारलं नाही. आमचं पुष्कळदा जमत नसे. चांदणं, पत्रं, गजरे तिला सगळं खरं वाटायचं. मला एका कादंबरीतली एकच जागा मनापासून आवडली होती: देवळात गर्दीत नायिकेच्या चपला हरवू नयेत म्हणून नायक त्या हातात धरून बाहेर उभा राहतो, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. ती म्हणाली, “यात कसलं प्रेम?” मी तिला सांगितलं, बाजारच्या दिवशी आमचे हे पुढं चालतात, मी मागं. थांबत नाहीत, बोलत नाहीत. पण वळण आलं की चाल हळू करतात, मी दिसेपर्यंत. तिनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “मी काय वाचते ते आमच्यांनी कधी विचारलं नाही हो.”

साहेबांची बदली झाली. ट्रक आला, सामान चढलं. कादंबऱ्यांतले निरोप पानंच्या पानं चालतात. आमचा शेवटपर्यंत तिच्या जड पाट्या-वरवंट्याचं काय करायचं यावरच गेला. सुरुवातीला पत्रं आली, मीही वळणदार अक्षर काढून उत्तरं दिली. मग बदलीवर बदली, कुठला पत्ता खरा ते कळेना.

आता उदगीरहून मुलगा कादंबऱ्या आणतो. रात्री ठेवली तरी कुणी बोलत नाही, सावकाश वाचते, शेवटापर्यंत. शेवट झाला की पुस्तक मांडीवर घेऊन थोडा वेळ बसून राहते. बोला म्हणणारं कुणी नसतं. म्हणून हे लिहिते.

परवा संपवलेल्या कादंबरीत दोघं खूप वर्षांनी स्टेशनवर भेटतात. तो तिला पाठमोरी असतानाच ओळखतो. मला पटलं नाही. माझ्या मैत्रिणीचं नाक कसं होतं ते मला आठवत नाही, आवाज मात्र आठवतो. आणि भेटल्यावर ती बाई म्हणते, तुम्ही अगदी तसेच आहात. एवढ्या वर्षांनी हे बोलायचं? मी असते तर शेजारी जागा केली असती आणि म्हटलं असतं, बसा, आणि मधल्या काळात काय काय वाचलंत ते आधी सांगा.