मकबऱ्यासमोरचं सीतादही

त्यानं माझा पदर दोन बोटांनी उचलला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसा. म्हणाला, "मावशी, ही साडी चालणार नाही. यात तुम्ही शेतकरी वाटत नाही."

जागा दिल्लीची. एक मोठी बाग, बागेत जिकडे तिकडे जुने मकबरे. अंगावर माझी निळी साडी, दिल्लीला जायचं म्हणून शेगावच्या बाजारातून खास घेतलेली. आणि बियाणे कंपनीचा हा पुण्याचा साहेब मला सांगत होता की शेतकरी कसा दिसतो. माझं सगळं आयुष्य कापसाच्या पऱ्हाटीत वाकून गेलं. पण ते त्याला पुरेसं नव्हतं.

त्यानं एक पिशवी पुढं केली. आत नऊवारी होती. आमच्या सोनाळ्यात माझ्या वयाची एक बाई नऊवारी नेसत नाही. म्हणाला, "त्या मागच्या घुमटात जाऊन बदलून या. पावडर पुसा. केस जरा विस्कटा."

मी कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी घेऊन शेतोशेत फिरते. आमच्याकडं कापूस फुटला की एकदम वेचायला घेत नाहीत. आधी सीतादही करतात. धुऱ्याजवळचं, म्हणजे शेताच्या बांधाजवळचं, एक चांगलं झाड पाहायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, दहीभात शिंपडायचा, मग वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून वेचणीला लागायचं. गावात बऱ्याच शेतांत हे दही माझ्या हातानं पडतं. आधी सासू करायची, तिच्यामागं मी. सासूनं एकच शिकवलं होतं. आधी बोंड फोडून पाहायचं. आत कापूस धड असेल तरच दही. त्यामुळं माझा हात लागला की बाया निर्धास्त होतात. हिनं पाहिलं म्हणजे पीक खरं, असं धरतात. पुढच्या वर्षी कोणतं बियाणं पेरायचं, तेही मलाच विचारतात.

हे आमच्या कृषी केंद्राच्या शेटजीला चांगलं माहीत होतं. म्हणून तर त्यानं कंपनीच्या दिल्लीच्या सहलीत माझं नाव घातलं. मला वाटलं, बाईमाणसाची कदर केली.

त्या वर्षी कंपनीच्या बीटी कापसाला अळी लागली होती. बीटीला अळी लागतच नाही म्हणून तर आम्ही सगळ्यांनी बीटी पेरलं होतं. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी घाण. माझ्या स्वतःच्या तुकड्यात मी सीतादही केलंच नाही. विरजण लावलेलं दही घरीच पोरांनी खाल्लं. शेटजीला सांगितलं तर म्हणाला, "दिल्लीले कंपनीचे मोठे सायेब येतीन, त्यायलेच सांगजो." म्हणून मी निघताना ती बोंडं रुमालात बांधून घेतली. सगळ्या रेल्वेच्या प्रवासात तो रुमाल कमरेला खोचलेला होता.

दिल्लीत आम्हाला पिवळ्या टोप्या घातल्या. बकऱ्या मोजतात तसं मोजून बसमध्ये चढवायचं, मोजून उतरवायचं. हा अमक्या बादशहाचा मकबरा, ही तमक्या बेगमेची कबर. हात लावू नका, बसू नका, मागं राहू नका. मुतारी कुठं आहे ते मात्र कुणी सांगत नव्हतं. बायांनी सकाळपासून पाणी प्यायचंच सोडलं होतं. माझ्या शेजारची शकीलाबी, जिचा आणि माझा धुरा एक आहे, एका घुमटाकडं मान वर करून पाहत म्हणाली, "मेलेल्या मानसाले एवढं मोठं घर. आन् आपल्याले जित्तेपनी मोरी नाई." आम्ही दोघी हसलो. तेवढंच त्या सहलीतलं हसणं.

साहेबाला रुमाल मी पहिल्याच दिवशी दाखवायला गेले. त्यानं गाठसुद्धा सोडू दिली नाही. "नंतर मावशी, नंतर."

आणि आता ही नऊवारी.

मी घुमटात गेले. शकीलाबी सोबत आली, आडोशाला धरायला बसमधली चादर घेऊन. आत अंधार. वटवाघळांचा आणि मुताचा उग्र वास. मधोमध एक कबर, नाव नाही, गाव नाही. मी तिच्या उशाशी माझी निळी साडी सोडली. पिशवीतल्या लुगड्याला दुसऱ्याच बाईच्या घामाचा वास येत होता. माझ्याआधी किती जणींना असंच शेतकरी केलं होतं कोण जाणे. नऊवारी नेसता मला येत नाही, शकीलाबीला तर कुठून येणार. कशीबशी गुंडाळली. शकीलाबीनं पदर डोक्यावर घेतला, त्या कबरीकडं पाहून पुटपुटली, "माफ करजा बाबा. आमाले इथंच आनलं."

एका परक्या मेलेल्या माणसाची तिला लाज वाटली. बाहेरच्या जिवंत माणसांना आमची वाटली नाही.

बाहेर हिरवळीवर सगळी तयारी झाली होती. कुंडीत एक प्लास्टिकचं झाड रोवलेलं. त्याला दवाखान्यातला कापूस डिंकानं चिकटवलेला. मागं घुमट. बाजूला आमच्यासोबत आलेला शेटजी, नवा कोट घालून. फिरायला आलेली माणसं थांबून पाहत होती, एक दोघं मोबाईलवर माझे फोटो काढत होते. माझ्या हातात स्टीलचं ताट दिलं. त्यात हळदकुंकू आणि हॉटेलातून आणलेलं दही.

"आता मावशी, तुमचं ते सीतादही करा," साहेब म्हणाला. "दही शिंपडायचं, इकडं बघून हसायचं आणि म्हणायचं, 'एकही अळी नाही, शेत पांढरंशुभ्र.' बस्स, एवढंच."

मी विचारलं, "याचं काय करसान सायेब?"

"बियाण्याच्या पाकिटावर येणार तुम्ही. गावोगाव पोस्टर लागणार."

ताट माझ्या हातात तसंच राहिलं. मला आमची गल्ली दिसली. जूनमध्ये कृषी केंद्रासमोर उभ्या असलेल्या बाया दिसल्या. पाकिटावर मी, माझ्या हातात दही. एकही जण शेटजीला काही विचारणार नाही. हिनं दही टाकलं म्हणतील आणि पाकीट उचलतील. शकीलाबी सगळ्यात आधी उचलेल. तिला अक्षर वाचता येत नाही, माझा हात तेवढा ओळखता येतो. ह्यांना माझं तोंड नको होतं. माझा हात हवा होता. सासूनं दिलेला.

अंगावरचं लुगडं एकदम चिकट लागायला लागलं. इतका वेळ मला साहेबाची किळस येत होती. आता त्या ताटातल्या दह्याचीच यायला लागली.

"काऊन थांबली वं बाई?" शेटजी दातओठ आवळून हसत म्हणाला. "सायबायले टाइम नाई. आन् ध्यानात ठेवजो, पुढच्या वर्षी बी माह्याच दुकानातून न्या लागते तुले."

मी ताट खाली ठेवलं. कमरेचा रुमाल काढला, गाठ सोडली आणि बोंडं ताटात ओतली. प्रवासात ती आणखी सडली होती. एक फोडलं. आतली अळी मेली नव्हती. ती दह्याकडं सरकायला लागली.

साहेब दोन पावलं मागं सरला. नाकाला रुमाल लावला. "शी! आधी फेका ते. फेका."

"काऊन फेकू?" मी म्हणाले. "तुमचीच तं हाये."

शेटजीनं माझ्या दंडाला धरलं. मी त्याच्याकडं पाहिलं तसा सोडला. ताट उचलून मी साहेबासमोर धरलं. "हे घ्या. तुमीच शिपडा सायेब. पीक तुमचं हाये."

त्यानं ताट घेतलं नाही. मी ते कुंडीशी ठेवलं, त्या डिंकाच्या कापसाखाली. मग मी परत त्या घुमटात गेले. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं. लुगडं फेडून कोपऱ्यात टाकलं आणि माझी निळी साडी नेसले. शकीलाबीनं चादर धरली होती. म्हणाली, "आता मंग?"

"आता काई नाई. घरी जायाचं."

परतीच्या प्रवासात आम्हा दोघींना कुणी जेवण दिलं नाही. शकीलाबीच्या फडक्यात घरच्या भाकरी होत्या, कडक झालेल्या. आम्ही त्या पाण्यात बुडवून खाल्ल्या.

पुढच्या हंगामात पोस्टर लागलंच. त्यावर एक गोरी पोर होती, तशीच नऊवारी नेसलेली, हातात दह्याचं ताट. ताट धरलेल्या बोटांवर कधी बोंडाचा काटा लागल्याची खूण नव्हती. शेटजीनं मला बियाणं दिलं नाही. त्याच्या आणि त्याच्या सोयऱ्यांच्या शेतांतली वेचणी माझ्या टोळीच्या हातून गेली. चार बाया मला सोडून गेल्या. त्यांना पोट आहे, मी त्यांना बोल लावत नाही.

यंदा दसऱ्यानंतर त्याच शेटजीचा निरोप आला. नव्या टोळीतल्या बाया त्याच्या शेतात ओटी बांधायला तयार नव्हत्या. मी दही टाकल्याशिवाय नाही म्हणाल्या. मी गेले. सगळ्या बाया गोळा होत्या, शेटजी धुऱ्यावर उभा. मी झाडाजवळ बसले आणि सगळ्यांच्या देखत बोंड फोडलं. अळी होती. दुसरं फोडलं. होती.

"टाक नं वं दही," शेटजी खालच्या आवाजात म्हणाला. "रीत हाये ती. तेवढ्यानं काय जाते तुह्यं?"

मी अळी बोटावर घेतली आणि पहिल्या बाईपासून शेवटच्या बाईपर्यंत दाखवत गेले. मग दह्याचं गाडगं तसंच झाकून उचललं आणि घरी आणलं.

आता शेत कुणाचंही असो. पाटलाचं असो, शेटजीचं असो, माझं असो. बोंड सगळ्यांसमोर फुटेल. अळी निघाली तर माझा हात दह्यात जाणार नाही.