दुकानातला पगार

त्रेसष्ट साली इस्रायलमधल्या डिमोना गावच्या बसथांब्यावर माझ्यासारखेच मराठी ज्यू असलेले एक वडीलधारे गृहस्थ रोज भेटायचे. ते सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचे, मी खासगी दुकानात. "आमचा पगार तुमच्यापेक्षा बरा," असं मी रोज छाती फुगवून ऐकवायचो. ते चष्मा पुसत म्हणायचे, "चांगलं आहे, बाबा."

पुढे मालकाच्या लहरींना कंटाळून मी गुपचूप त्यांच्याच दवाखान्यात अर्ज केला. कमी पगारावर नेमणूक झाली, पण त्यांना सांगायची लाज वाटली.

त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी मलिद्याच्या प्रसादाला बोलावलं. खोबरं घातलेले गोड पोहे माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "तुला सरकारी नोकरी लागू दे, म्हणून एलियाहू हानाबीला नवस केला होता."

"पण मी तर दुकानाचंच कौतुक करायचो!"

"रोज करायचास. म्हणून तर नवस केला."