साहेब शेत बघायला आले तेव्हा

तळवड्याच्या अंगाला, इंद्रायणीपासून थोडं आत, माझ्या मामांची विहिरीखालची जमीन होती. तिच्यात कांदा आणि बैलांसाठी लसूणघास. साठच्या दशकाच्या अखेरीस ती कारखान्यांसाठी घ्यायच्या जमिनींच्या नकाशात गेली. चावडीवर हरकती ऐकायला आलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, की जमीन खरोखर बागायती असेल तर वगळण्याची शिफारस करता येईल. ते आपण जागेवर येऊन पाहू. मामांनी यातलं एकच घरी नेलं: साहेब शेत बघायला येणार.

त्या गावात शेत बघायला मुलीकडचे लोक यायचे ते सोयरीक जुळवताना. तेव्हा पाहुण्यांना उभं पीक दाखवत नसत. उद्या पाऊस पडला, रोग पडला, तर त्याचं काय खरं? दाखवायची ती रास. मामा-मामींनी तेच केलं. कांदा तयार होत आला होता, माना पडायला लागल्या होत्या. घाईने सगळा कांदा काढला, शेणाने सारवलेल्या खळ्यावर रास घातली, घास कापून गोठ्यात रचला आणि रान नांगरून टाकलं. शेजाऱ्याने बांधावरून विचारलं, साहेबाला उपवर पोरगी हाय का, राव?

मी तेव्हा पुण्यात एका दैनिकात होतो. पाहणीच्या दिवशी सुट्टी काढून सकाळच्या बसने गेलो, तेव्हा रानात एक पात उरली नव्हती. पाठोपाठ जीप आली.

साहेब सभ्य होते. चहा घेतला. मग रिकाम्या रानाकडे बघून पीक कुठे आहे, असं विचारलं. मामीने राशीकडे बोट केलं. म्हणाली, "हात लावून बघा की साहेब, माती अजून ओली हाय."

"बाई, रास कुठूनही आणता येते," साहेब म्हणाले. "कांदा जमिनीत दिसायला हवा होता."

मामांना हे नीट कळलं नाही. "जमिनीतलं कुणी पाव्हण्याला दावतं व्हय?" त्यांनी विचारलं.

कारकुनाने लिहून घेतलं: उभे पीक नाही. निघताना साहेब त्याला म्हणाले, की जागा मात्र चांगली सपाट आहे. मामीने निवडून भरलेली कांद्याची पिशवी जीपमध्ये गेली. ते कांदे कुठून आणले, हे कुणी विचारलं नाही.

वर्षभरात विहीर बुजली.

मामांचा ओढ्यापलीकडचा तुकडा तेवढा वाचला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तोही लागणार, अशी नोटीस आली. पाहणी होईल, असं पुन्हा सांगण्यात आलं. या वेळी मामांनी त्यातल्या कांद्याला हात लावला नाही. गावाचा कांदा निघाला, बाजारात गेला. मामांच्या पाती वाळून मातीला मिळाल्या. वळवाच्या सरी झाल्या, कांद्याला कोंब फुटले, खालून सड लागली. वास रस्त्यापर्यंत यायचा. मामी रोज म्हणायची, काढा आता. मामा म्हणायचे, साहेब येऊ देत.

मी पुण्यातल्या कचेरीत जाऊन चौकशी केली. कारकुनाने सांगितलं, त्या शेतकऱ्याची पाहणी पूर्वीच झालेली आहे. तोच शेरा या तुकड्यालाही लावला आहे. ही जमीन ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, असं मी म्हणालो. त्याने हरकतीची मुदत संपल्याचं सांगितलं.

दुपारी गावात जाऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, आढ्यात खोचलेलं खुरपं काढलं आणि ओढा ओलांडला. आम्ही मागोमाग गेलो. ते वाफ्यात बसून सडके कांदे उपटून बांधावर टाकत होते.

"आता कुणासाठी?" मामी म्हणाली.

"त्यांची माणसं येतील मोजायला," मामा म्हणाले. "त्यास्नी असलं घाण रान दावायचं व्हय?"