लोणी आणि पट्टा

केनियातल्या केरियो दरीच्या कड्यावरचं ताप्कीगेनचं घर दिवसभर मुकं असे. लेक-सून एल्डोरेट शहराला गेले ते गेलेच. नवरा मक्याच्या शेताकडेला मातीत निजलेला. कोंबडीशी बोलून बोलून किती बोलणार? दुपार कलली की नात जेरोबोन शाळेतून पळत येई आणि कुंपणापासूनच आजीला हाक मारी, "कोगो, भूक!" म्हातारीचा दिवस तेव्हा कुठे उजाडे.

त्या वर्षी शाळेतल्या बिरेच नावाच्या मास्तरांनी पोरांच्या छातीला बांधायचे पट्टे आणले. पोर पळालं की त्याच्या काळजाचे ठोके मास्तरांच्या घड्याळात उमटत. जोरात पळूनही ज्याचं काळीज बेतानं धडधडेल, त्याला धावपटू घडवणाऱ्या लांबच्या निवासी शाळेत धाडायचं ठरलं.

चाचणीच्या सकाळी ताप्कीगेननं नातीच्या छातीला आशीर्वादाचं लोणी चोळलं. चांगल्या कामाला निघालेलं लेकरू कोरडं का कुणी धाडतं?

जेरोबोन सगळ्यांच्या पुढं पळाली. घड्याळात मात्र काही म्हणता काही उमटलं नाही. संध्याकाळी मास्तर दारात हजर.

"कोगो, लोण्यामुळं पट्ट्याला ठोके कळत नाहीत. छाती धुवून पट्ट्याला पाणी लावायचं. उद्या पुन्हा बघतो, पण शेवटचंच."

"एवढं शहाणं यंत्र, आणि बोटभर लोण्याला भितं?"

"भितं खरं. पोरीला पाठवायची असेल तर उद्या लोणी नको."

सकाळी जेरोबोन समोर उभी. "कोगो, आटप ना!"

लोणी साठवायचा सुका भोपळा हाताशीच होता. बोटभर लोणी, की पोरगी घरातच. कुणाला कळलंही नसतं. ताप्कीगेनचं बोट भोपळ्यात गेलं, लोण्यानं माखून बाहेर आलं आणि तिथंच थांबलं. पोरगी तिच्याकडे बघत होती, सगळा भरवसा डोळ्यांत घेऊन.

म्हातारीनं ते बोट नातीच्या कपाळाला पुसलं. मग हात धुतले, छाती खसाखसा धुतली, पट्टा ओला करून बांधला.

"कपाळाला चालतं?" जेरोबोननं विचारलं.

"कपाळाचं घड्याळ नाही अजून मास्तरांकडे. पळ!"

पोरगी पळाली. महिना सरायच्या आत पत्र्याची पेटी घेऊन गेलीसुद्धा.

आता दुपार कलली की दुसऱ्यांची पोरं कुंपणाजवळून पळत जातात. ताप्कीगेन अजून दोघींपुरती मक्याच्या पिठाची उगाली रांधते आणि उरलेली कोंबडीला घालते.

कोंबडी फार लठ्ठ झाली आहे.